पंचेचाळीस पौंडांची रॅली आणि एक पावली

आधी हिशेब सांगते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांची पुढच्या वाचनातून सुटका. दोन दिवसांच्या मेटल डिटेक्टिंग रॅलीचे ४५ पौंड, तंबू ठोकायच्या जागेचे वेगळे १०, पेट्रोल, आणि शनिवारी दुपारी पावसात उभ्याने खाल्लेल्या चीज टोस्टचे साडेसहा. मिळालं काय? ॲल्युमिनियमचे तुकडे दोन मुठी, बंदुकीच्या शिशाच्या दोन गोळ्या, बुटाच्या बकलाचा अर्धा तुकडा, एक झिजलेली पेनी, आणि करंगळीच्या नखाएवढा चांदीचा एक त्रिकोणी कपटा. रॅलीला पाचपैकी दोन तारे. त्या कपट्याचं पुढचं काम ज्यांनी केलं त्यांना पाचपैकी पाच, आणि त्यांनी माझ्याकडून छदामही घेतला नाही. रिव्ह्यू दोघांचा मिळून आहे.

रॅलीच्या आयोजकांचं नाव लिहीत नाही. आमच्या क्लबातले जुने लोक म्हणतात की मोठ्या रॅल्यांची रड थोडीफार सगळीकडे हीच असते, मग एकालाच कशाला बदनाम करा.

मी नॉरफोकमध्ये डेरेहॅमला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. माहेर आळेफाट्याजवळचं. आमच्याकडे मृगाचा पाऊस पडून गेला की नांगरलेल्या रानात माती बसायची आणि वर खडे, खापरं, कधीतरी एखादा हिरवा पडलेला तांब्याचा पैसा उघडा व्हायचा. आई खुरपता खुरपता उचलायची, पदराला पुसायची, ‘ढब्बू आहे’ किंवा ‘शिवराई आहे’ एवढंच म्हणायची आणि कनवटीला लावायची. आमच्या देव्हाऱ्यात अजून एक शिवराई आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असं हवं. आमचीवर फक्त ‘छत्र’ उरलंय, बाकीचं गंध-अक्षतांनी आणि चिंचेने घासून घासून गेलं. तेव्हा हा छंद मला विलायतेने लावला असं म्हणता येत नाही. विलायतेने फक्त मशीन दिलं.

तरी नवरा म्हणालाच, “आपल्या घराण्यात पैसे भरून दुसऱ्याच्या शेतात राबायला जाणारी तू पहिलीच.”

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये शेतमालकाची परवानगी असेल तर त्याच्या रानात डिटेक्टर घेऊन हिंडायला कायद्याची आडकाठी नाही. संरक्षित स्मारकाची जागा मात्र सोडायची. तिथे खास मंजुरीशिवाय नुसतं मशीन चालवलंत तरी १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. खरी अडचण शेतकऱ्याने हो म्हणण्याची. तो हो म्हणाला की त्याला इथे ‘परमिशन’ म्हणतात, आणि माझ्याकडे दोन परमिशन आहेत असं माणूस गुंठे सांगावेत तसं सांगतो. ज्याच्याकडे नाही, तो रॅलीला जातो. आयोजक मोठ्या शेतकऱ्याशी बोलून सुगी झाल्यावर आणि पुढची पेरणी व्हायच्या आत दोन दिवस रान मोकळं करून घेतो, तिकीट लावतो आणि शेकडो माणसं आत सोडतो.

ही रॅली सप्टेंबरमध्ये, नॉरफोक आणि सफोकच्या सीमेवर होती. त्या शनिवारी नॉरिचला गणपतीची आरती होती, ती सोडून मी गेले. जाहिरातीत एक वाक्य होतं: हॉक्सनपासून अवघ्या काही मैलांवर. या एका वाक्यावर निम्मी तिकिटं खपली असणार. १९९२ च्या नोव्हेंबरात हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला, त्याने डिटेक्टरवाल्या मित्राला तो शोधायला बोलावलं, आणि हातोड्याऐवजी रोमन काळाच्या अखेरीचं घबाड निघालं. पंधरा हजारांच्या आसपास सोन्याचांदीची नाणी, चमचे, सोन्याच्या साखळ्या. त्या माणसाने थोडं उकरल्यावर हात आवरला आणि कळवलं, म्हणून पुरातत्त्वाच्या लोकांना ते जसं पुरलं होतं तसं उचलता आलं. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे. तर ‘काही मैलांवर’ म्हणजे काय, याचा विचार मी तिकीट काढताना केला नाही. आमचं आळे शिवनेरीपासून काही मैलांवरच आहे, म्हणून आमच्या गोठ्यात कुणी राजा जन्मला नाही.

जाहिरातीत ४०० एकर होते. शनिवारी गेटावर मिळालेल्या नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेलं रान मी मोजलं, तर १८० च्या वर जाईना. उरलेल्यात साखरेचं बीट उभं होतं. बीट काढणीला यायला अवकाश आहे हे जूनमध्ये तिकिटं विकताना ठाऊक नव्हतं, असं मला सांगण्यात आलं. शेतकऱ्याच्या मुलीला हे सांगू नये.

तीनशेच्या आसपास माणसं होती. बायका मी मोजल्या, अकरा. सावळी मी एकटी. लोक वाईट वागले नाहीत, उलट शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्याने माझे खुंटे वाऱ्याच्या बाजूने पुन्हा ठोकून दिले. पण संडास सहा, आणि सहाचे सहा गेटापाशी. शेवटच्या रानातून तिथवर यायला वीस मिनिटं. पुरुषांना झुडपं आहेत. ज्यांनी ही आखणी केली त्यांच्या घरात बायका नसाव्यात असं नाही, पण त्यांना विचारलेलं नव्हतं. रविवारी दुपारनंतर सहापैकी दोनच वापरण्याजोगे होते. कागद आपला आपण न्यावा.

नऊ वाजता भोंगा वाजला आणि जे झालं त्याला माझ्याकडे एकच शब्द आहे: भिर्रर्र! जुन्नर-आंबेगावकडच्या लोकांना सांगायला नको. बैलगाडा सुटावा तशी तीनशे माणसं हेडफोन सावरत, फावडी खांद्यावर घेऊन, गव्हाच्या धसकटांतून पलीकडच्या टेकाडाकडे पळाली, कारण मागच्या वर्षी तिकडे कुणाला तरी आइसेनी लोकांचं सोन्याचं नाणं सापडल्याची वदंता होती. आइसेनी म्हणजे रोमनांविरुद्ध उठलेल्या राणी बूडिकाची जमात, हाच तिचा मुलूख. मी पळाले नाही. गुडघा साथ देत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे पळताना मशीन जमिनीपासून वीतभर वर राहतं, मग त्याला ऐकू काय येणार?

इथे मशीनचं थोडं सांगावं लागेल, कारण पुढचा सगळा मामला त्यावर आहे. काठीच्या टोकाला जी चकती असते ती कॉइल. ती जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, खालच्या धातूत त्यामुळे वीज फिरते, आणि त्या विजेचा पडसाद कॉइलला परत ऐकू येतो. पडसाद किती उशिराने आला यावरून मशीन एक आकडा दाखवतं आणि त्या आकड्याचा सूर कानात वाजवतं. लोखंड खर्जात गुरगुरतं. तांबं आणि जाड चांदी टिपेला. माझ्या मशीनवर आकडे ९९ पर्यंत जातात. नवख्याला वाटतं की आकडा म्हणजे धातूचं नाव. तसं नाही. धातू किती वाहक आहे आणि तुकडा केवढा नि किती जाड आहे, या दोन्हींची मिळून ती खिचडी असते. त्यामुळे चांदीचा रुपयाएवढा गोळा ८० च्या पुढे बोलतो आणि त्याच चांदीचा पापुद्रा चॉकलेटच्या वेष्टनाच्या आकड्यावर येऊन बसतो. आता ज्याने वैतागून वेष्टनाचे आकडेच मशीनमधून बंद करून टाकले, त्याने पापुद्राही घालवला.

आणि वैतागायला कारण भरपूर होतं. पहिल्याच मोठ्या रानात ‘ग्रीन वेस्ट’ टाकलेलं होतं. घरोघरच्या बागेचा कचरा गोळा करून त्याचं खत करतात आणि ते शेतात पसरतात. कल्पना चांगली. पण त्या कचऱ्यात लोकांनी टाकलेले कोल्ड्रिंकचे डबे, फॉइल, बॅटऱ्या हेही यंत्रात दळून निघतं आणि मातीत मिसळतं ते कायमचं. अशा रानात कॉइल एक हात हलवली की दहा सिग्नल. दीड तासात मी ३१ खड्डे केले, त्यातले २८ ॲल्युमिनियमचे. असं रान तिकिटात धरणं ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे. शेतकऱ्याची नाही, ज्याने नकाशा हिरवा रंगवला त्याची. विचारल्यावर गेटावरचा मुलगा म्हणाला की सगळ्या रानांची तपासणी झालेली नाही. मग ४५ पौंड कशाचे?

दुसरं एक खटकलं ते लोकांचे खड्डे. नियम पहिल्याच पानावर ठळक अक्षरात असतो: खणलं की बुजवा. धसकटांत कापलेला ढेकूळ उलटा करून परत बसवायचा, पायाने दाबायचा, जागा ओळखू येता कामा नये. रविवारी सकाळी टेकाडावर मी उघडे खड्डे पाहिले तेव्हा मला अण्णांची आठवण झाली. आमच्या रानात कुणी असा खड्डा ठेवून गेला असता आणि त्यात बैलाचा पाय गेला असता तर अण्णांनी त्याला गावातून जाऊ दिलं नसतं. मी सात-आठ बुजवले, मग सोडून दिलं. देखरेखीला पिवळी जाकिटं घातलेली माणसं होती, ती गेटापाशी चहा पीत होती. विम्याचं कार्ड बरोबर आणा अशी तीनदा ईमेल आली होती, ते कुणी पाहायला मागितलं नाही.

बरं काय होतं तेही सांगते, नाहीतर दोन तारे कुठून आले असं होईल. शेतकऱ्याच्या बायकोने दोन्ही दिवस संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चहाची मोठी किटली आणि घरचा फ्रूटकेक आणला, पैसे न घेता. हा एक तारा. आणि रविवारी दुपारी मला जे कोपऱ्यातलं रान मिळालं, तो दुसरा.

त्या रानाच्या वरच्या बांधावरून गोल मनोऱ्याचं चर्च दिसत होतं. नॉरफोकात अशी गोल मनोऱ्याची जुनी चर्चं शंभराहून जास्त आहेत, हजार-नऊशे वर्षांची. नकाशात गावापासून त्या चर्चकडे जाणारी पायवाट याच बांधाने जात होती. आता पैसा पडतो कुठे? देवळाच्या वाटेवर, बाजाराच्या वाटेवर, आणि जिथे माणूस वाकून काम करतो तिथे. मी वाटेला समांतर, पाभरीच्या तासासारखी सरळ रेघ धरून चालायला लागले. आधी पेनी मिळाली. १७९७ ची, जॉर्ज राजाची, सुमारे साडेतीन सेंटीमीटरची जाडजूड. इथे तिला ‘कार्टव्हील’ म्हणतात, गाडीचं चाक, कारण कड चाकाच्या धावेसारखी रुंद आणि उंच. वजन बरोबर एक औंस, म्हणून लोक ती वजन म्हणूनही वापरत. बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेली. त्याच टांकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ सालचे तांब्याचे पैसे पाडून घेतले होते, एका बाजूला कंपनीच्या गाठोड्याचा शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय. त्या जातीचा एक पैसा मामांकडे होता. तो खोटा आहे असं लहानपणी आम्हाला वाटायचं, कारण फार नीट गोल होता.

तीनच्या सुमाराला आकडा आला ४१. कधी ३९, कधी ४४, पण सूर आखूड आणि स्वच्छ. फॉइल पसरट बोलतं, कडेला फाटतं. हे आडवं फिरवलं तरी तेच, उभं फिरवलं तरी तेच. चार बोटं खोल ढेकूळ कापून उलटा केला. मग ‘गाजर’ काढलं. गाजर म्हणजे गॅरेट कंपनीचा नारिंगी पिनपॉइंटर, हातात धरायची छोटी कांडी, धातूजवळ नेली की थरथरते. मातीच्या गोळ्यात ती थरथरली, गोळा फोडला, काही दिसेना. अर्ध्यात थरथर, अर्ध्यात नाही. तो अर्धा पुन्हा अर्धा केला. असं करत शेवटी सुपारीएवढी माती राहिली आणि त्यातून एक करडी कोर बाहेर आली होती. पाण्याची बाटली ओतली. पिझ्झाचा तुकडा असावा तसा आकार, दोन बाजू सरळ, एक गोल. सरळ बाजूंना दुहेरी रेघेचा भास, आत तीन बारीक टिंबं, गोल कडेने तीन अक्षरं. मला त्यातलं एन वाचता आलं.

ओळख पटवायचा तंबू गेटापाशी होता. जाहिरातीत लिहिलं होतं की तिथे सरकारी नोंदणी अधिकारी हजर असतील. नव्हते. त्यांना किती आधी कळवलं होतं हे विचारल्यावर उत्तर मिळालं नाही. टेबलामागे दोघे, त्यातले एक नाण्यांचे व्यापारी, तेच ओळख सांगत होते आणि तेच विकत घेत होते. माझा कपटा त्यांनी भिंगाखाली दोन सेकंद धरला असेल. म्हणाले, चांदीची मोड आहे, फार काही नाही, पाहिजे तर पाच पौंड देतो. मोड असेल तर पाच पौंड कशाला? घरी मसाल्याच्या काट्यावर वजन केलं तेव्हा ०.३४ ग्रॅम भरलं. चांदीच्या भावाने त्याचा पौंडभरही होत नव्हता. म्हणजे एक तर त्यांना माझी कीव आली होती, नाहीतर त्यांना ते काय आहे हे कळलं होतं. चेहऱ्यावर कीव नव्हती. मी रुमालात गुंडाळून परत घेतलं. रॅलीत असा बाजार मांडू देऊ नये. नवखी माणसं तिथे रांग लावून होती आणि काही जण नोट घेऊन हसत परत जात होते.

आता दुसरा रिव्ह्यू.

१९९७ पासून इथे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची सोय आहे. इंग्लंडात ती ब्रिटिश म्युझियम चालवतं. जिल्ह्याजिल्ह्यांत एक-दोन अधिकारी असतात, त्यांना एफएलओ, म्हणजे फाइंड्स लायझन ऑफिसर म्हणतात. शेतात सापडलेली जुनी वस्तू त्यांच्याकडे न्यायची. ते ओळखतात, मोजतात, फोटो काढतात, नोंद करतात आणि वस्तू परत देतात. आतापर्यंत १५ लाखांवर वस्तूंची नोंद झालीय आणि ती यादी कुणालाही पाहता येते. नॉरफोकात तर ही वहिवाट त्याच्याही आधीची आहे. बाकीच्या देशात पुरातत्त्ववाले आणि डिटेक्टरवाले एकमेकांना शिव्या देत होते तेव्हा, १९७० च्या दशकात, इथल्या दोन-चार शहाण्या माणसांनी क्लबांत जाऊन ‘आणा, काय सापडलं ते दाखवा’ म्हणायला सुरुवात केली.

आमच्या क्लबच्या महिन्याच्या बैठकीला अधिकारी बाई येतात. तिशीतली मुलगी आहे, कपाळाला दिवा, समोर प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांचा ढीग. तिने पहिला प्रश्न विचारला तो घासलं तर नाही ना, हा. दुसरा, नक्की कुठे. मी फोनवर जागा धरून ठेवली होती, नकाशाच्या चौकटींचा, टीएम अक्षरांनी सुरू होणारा आठ आकडी नंबर, म्हणजे दहा मीटरच्या चौकोनापर्यंत अचूक. तो पाहून ती जी खूश झाली, तेवढी कपटा पाहून झाली नाही. रॅलीतून येणाऱ्या वस्तूंना जागाच नसते, असं म्हणाली. ‘वरच्या रानात कुठेतरी’ एवढंच. आणि जागा नसलेली वस्तू म्हणजे लेबल नसलेली रक्ताची बाटली, हे मला लॅबवालीला कुणी वेगळं समजवायला नको होतं.

तिने पावती लिहून वस्तू ठेवून घेतली. काही आठवड्यांनी ईमेल आली, त्यात एनएमएस या अक्षरांनी सुरू होणारा नोंदीचा नंबर. दोन्ही बाजूंचे फोटो, खाली सेंटीमीटरची पट्टी, आणि वर्णन. तिसऱ्या हेन्रीच्या चांदीच्या पेनीचा कापलेला चतुर्थांश. माझ्या मोडीवर जी तीन अक्षरं होती ती एन, आय, सी.

ही गंमत मला इतकी आवडली की थोडी फोडून सांगते. १२४७ साली हेन्रीने नाणी बदलली. जुन्या पेन्यांच्या कडा लोक कातरून चांदी चोरत, म्हणून नव्या पेनीच्या पाठीवर दुहेरी रेघांचा क्रॉस थेट कडेपर्यंत नेला. क्रॉसचं टोक दिसलं नाही तर नाणं कातरलंय हे समजावं. कडेने टांकसाळवाल्याचं नाव आणि गाव. निकोल नावाच्या टांकसाळवाल्याचं नाव लंडनसकट लिहिलं की बारा अक्षरं होतात, आणि क्रॉसचे चार हात ती तीन-तीन अशी वाटतात. पहिल्या पावात नाव सुरू होतं, शेवटच्या पावात गाव संपतं. माझ्याकडे पहिला पाव आला. म्हणजे माणूस कळला, गाव नाही, कारण निकोलचं नाव कँटरबरीच्या नाण्यांवरही असंच येतं आणि तिथेही अक्षरं बाराच भरतात. अधिकारी बाईंनी नोंदीत तसंच लिहिलंय: लंडन किंवा कँटरबरी. उगाच एक ठोकून दिलं नाही. पाच तारे मी याला दिले.

आणि कापलेलं का? तर सुट्टे नव्हते. मजुराला दिवसाला एक-दोन पेनी मिळत, मग त्याहून लहान व्यवहार करायचा कसा? क्रॉसच्या दुहेरी रेघेतून नाणं कापायचं: दोन तुकडे केले की हाफपेनी, चार केले की फार्दिंग. फार्दिंग या शब्दाचा अर्थच चौथाई. १२७९ पासून पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग पाडायला घेतले आणि ही कापाकापी संपत गेली. म्हणजे माझा तुकडा १२४७ नंतरचा, आणि बहुधा १२८० च्या आसपास कापण्याची गरज सरली त्याच्या आधीचा. तेव्हा आपल्याकडे देवगिरीवर यादव होते, आणि ज्ञानोबांचा जन्म १२७५ चा धरला तर ते पाळण्यात होते. आमच्या आळ्याला त्यांच्या रेड्याची समाधी आहे, त्यामुळे ही सनावळी मला पाठ. मी दादाला फोनवर सगळं सांगितलं, फार्दिंग, क्रॉस, चौथाई. तो म्हणाला, “म्हणजे पावली. एवढं लांबण कशाला लावतेस?”

बाजारात अशा तुकड्याला दहा-पंधरा पौंड येत असतील. तो माझ्याकडेच राहिला, कारण एकटं नाणं इथल्या कायद्याने सहसा ‘ट्रेझर’ होत नाही. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा जास्त नाणी एका ठिकाणी सापडली तर ट्रेझर. मग १४ दिवसांत कॉरोनरला कळवायचं. हो, तोच कॉरोनर, जो संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो. म्युझियमने ठेवून घ्यायचं ठरवलं तर समिती किंमत ठरवते आणि बक्षीस शोधणारा नि जमीनमालक यांच्यात सहसा निम्मंनिम्मं होतं. न कळवणाऱ्यांचं काय होतं तेही आमच्याच जिल्ह्यात झालंय. पश्चिम नॉरफोकच्या एका रानात इ.स. ६०० च्या सुमाराची सोन्याची नाणी मिळत होती. त्याच रानात फिरणाऱ्या एकाने दहा नाणी परस्पर विकायचा उद्योग केला. तो पोलीस होता. २०१७ मध्ये त्याला सोळा महिन्यांची शिक्षा झाली. दुसऱ्या माणसाने मात्र सगळं नीट कळवलं. तिथून एकूण १३१ नाणी झाली, त्या काळातल्या सोन्याच्या नाण्यांचा इंग्लंडमधला सर्वात मोठा साठा.

पावलीची गोष्ट ऐकून दादाचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. “येताना एक मशीन घेऊन ये की. गढीच्या रानात काहीतरी असणार.” मी नाही म्हटलं. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, इंग्रजांच्याच काळातला: जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं की कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये तेव्हाचे, आकडा अजून तोच. आणि संरक्षित जागेत तर बोटभर खणायचं नाही. पण कायद्यापेक्षा मला भीती दुसरीच वाटते. मशीन घेऊन बाई रानात फिरतेय म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी गावात ‘गुप्तधन’ हा शब्द पसरणार, आणि चौथ्या दिवशी लिंबू-कोंबडं घेऊन कुणीतरी दारात. इथे तसं काही नाही. इथे थर्मास आणि गुडघ्याला बांधायच्या गाद्या. दादा थोडा रुसला. मग म्हणाला, पाऊस झाल्यावर वरूनच दिसेल तेवढं बघतो.

कुणाला इथे हे करायचंच असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. महाग मशीनच्या मागे लागू नका. पार्किंगमध्ये मिनलॅब, एक्सपी, नोक्टा यांच्यावरून जे वाद ऐकले त्यातल्या एकाही मशीनने ग्रीन वेस्टमधून वाट काढली नाही. पिनपॉइंटर मात्र चांगला घ्या, त्यावाचून मातीत हात घालून बसावं लागतं. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घ्या, त्यात विमा येतो. कानावर हेडफोन आणि डोक्यात आकडा ठेवून चालण्यापेक्षा जुना नकाशा पाहून चाला. आणि रॅलीच्या पैशांत पोस्टाची तिकिटं आणा. मी गेल्या हिवाळ्यात आठ शेतकऱ्यांना हाताने पत्रं लिहिली, बाप शेतकरी होता हे पहिल्याच ओळीत. सहांनी उत्तर दिलं नाही, एकाने नको म्हणून कळवलं, एकाने फोन केला. त्याला आधी ट्रॅक्टरची हरवलेली पिन शोधून हवी होती. ती मी चाळीस मिनिटांत काढून दिली. तेव्हापासून ६० एकर माझे आहेत, म्हणजे फिरायला. तिथे अजून लोखंड आणि शिसंच निघालंय, पण संडासाला त्याच्या घरात जाता येतं.

रॅलीवाल्यांची काल ईमेल आली, अभिप्राय मागणारी, खाली पुढच्या सप्टेंबरच्या तिकिटावर दहा टक्के सूट. शेत तेच आहे. एकर ५०० झालेत.